आलं ते, गेलं ते

—नाही रे सुश्रुत, ती डायरी आता या घरात नाही. खोटं कशाला सांगू? लाल पुठ्ठ्याची, नागपूरहून आणलेली, तीच ना? होती. सहा वर्षं वरच्या खोलीत, तुझ्या शशीकाकांच्या मफलरांखाली होती. आता नाही. बस ना, उभा काय राहिलास! इतक्या वर्षांनी आलास, वर हा एवढा पेढ्यांचा बॉक्स—ईलिंग रोडवरून घेतलास ना? त्यांच्या पेढ्यात हल्ली दूधपावडरच फार असते. असू दे, असू दे, तुझा काय दोष. शशीकाका बाहेर गेलेत. बार्न हिलच्या टेकडीवर जाऊन बसले असतील. थंडी आहे म्हटलं, तर म्हणाले, आज मला घरी नाही थांबायचं. का, ते सांगते. चहा घेशील? नको? बरं. मला मात्र हवाय.

काय म्हणालास—‘जस्ट टायडिंग अप, काकू’? वा! सहा वर्षांत एक फोन नाही, ख्रिसमसचं कार्ड नाही, आणि आता त्या लढाईची चौकशी बसणार म्हणून पेपरात आलं तर लगेच टायडिंग अप! अरे, आवरायला आलास ते माझ्या घरात? आणि तुला मराठी वाचता तरी येतं का? रविवारी आमच्याकडे वरण-भात खायला यायचास तेव्हा शशीनं किती खटपट केली—क, ख, ग गिरवून दिलं, तू ‘घ’ आणि ‘ध’ मध्येच अडकलास. तुझी आई आसावरी, माझी शाळेतली मैत्रीण, मला म्हणाली होती, वैजू, याला तुझ्या नवऱ्याच्या हाताखाली दे, माणूस होईल. दिला. झालास की माणूस. मोठं ऑफिस, स्वतःची खोली, दारावर नाव. मग मराठीतली डायरी तुला हवी कशाला? वाचायला नकोच आहे ना तुला. ती दुसऱ्या कुणी वाचायला नको, एवढंच.

नाही, रागावले नाहीये. बस. सांगते तुला, कारण तुला अर्धंच माहीत आहे. ऑफिसात वरच्या मजल्यावर कागद नेणं आणि खाली आणणं, एवढंच तू पाहिलंस. इथे या घरात काय झालं ते तुला कोण सांगणार?

शशी नागपूरच्या पेपरात सब-एडिटर होता, हे तुला ठाऊक आहे. मी कॉव्हेंट्रीला वाढलेली मुलगी, बाबा कार फॅक्टरीत, आम्ही दोघी बहिणी—सुचेताताई मोठी, मी धाकटी. माझं लग्न ठरवायला बाबा नागपूरला घेऊन गेले, तेव्हा हा समोर बसला होता, आणि बाबांनी छापलेलं माझं माहितीपत्रक हातात घेऊन त्यातल्या इंग्रजीच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करत होता! मी तिथेच हसले. इथे आल्यावर चार वर्षं पोस्टात पत्रं वेगळी करायचं काम केलं त्यानं, मग परीक्षा देऊन सरकारी नोकरी, मग चढत चढत तुमच्या त्या लष्करी बातम्यांच्या विभागात. अभिमान होता रे त्याला. गोऱ्या साहेबांची वाक्यं हा दुरुस्त करायचा. म्हणायचा, वैजू, बातमीत विशेषण आलं की समजायचं, काहीतरी झाकतायत. स्वतःच्या मजकुरात एक विशेषण नसायचं. कोरडं, नीट, दोन ओळींत काय झालं ते कळलं पाहिजे.

मग ती लढाई आली. तुमची पाळी पहाटेची—वेम्बली पार्कहून पहिली गाडी, डब्यात थालीपीठ. त्या शहरातून लष्कराचा मजकूर यायचा, आणि नऊच्या आत शशीनं त्याचं एकपानी बुलेटिन करायचं. शहराचं नाव मी नाही घेत. त्यानं गुप्ततेच्या कसल्याशा कागदावर सही केली होती, आणि घरात तो नेहमी ‘ते शहर’च म्हणायचा, मला तीच सवय लागली. माझे सासरे तेव्हा होते. नव्वदीला आलेले, ऐकू कमी, पण फोनवर ओरडून विचारलं त्यांनी—शशी, दुसऱ्याच्या गावात घुसलेल्या फौजेची पत्रकं लिहितोस तू? बेचाळीस साली आपल्या गावच्या चावडीवर पण लागायची, ‘गावात शांतता आहे.’ शशी म्हणाला, बाबा, मी खोटं लिहीत नाही. सासरे म्हणाले, ते लिहिणारा कारकूनही चांगला माणूस होता. आणि फोन ठेवला. शशी त्या दिवशी जेवला नाही. मी सासऱ्यांवर चिडले होते, खरं सांगते. म्हटलं, यांना काय कळतंय तिकडे बसून.

आणि आमचा जय तिकडेच होता ना! ताईचा एकुलता एक. भावजी गेले तेव्हा तो बारा वर्षांचा. एकोणिसाव्या वर्षी घरी न सांगता भरती झाला, गाडी चालवायचं काम. ताई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही, मग त्याचे मोजे विणायला बसली—त्या वाळवंटात मोजे! फोन आला की म्हणायचा, ‘मावशी, इथे ऊन खूप मोठी आहे, आणि चहा फार वाईट मिळते.’ मी म्हणायची, चहा मिळतो रे. ‘हां, तो मिळते.’ हसतोस काय, तूही तसाच बोलायचास.

ताईनं टीव्ही बंद करून ठेवला होता. म्हणायची, ते लोक घाबरवायला बसलेत. तिचा विश्वास एकाच गोष्टीवर—शशीच्या बुलेटिनवर. मी तेव्हा कौन्सिलच्या लायब्ररीत होते. साडेनऊला ते तुमच्या वेबसाइटवर यायचं, आणि दहाला, कुलूप उघडायच्या आधी, मी काउंटरवरून ताईला फोन लावून वाचून दाखवायची. रोज. साडेतीन महिने. इंग्रजी वाचायची आणि मग मराठीत सांगायची, ‘ताई, शहर शांत आहे, दोन शाळा उघडल्या, वीज आली.’ ती म्हणायची, शशिधरनं लिहिलंय ना? मग झालं. आणि मग देवाला दिवा लावायची. तिचं सगळं दुपारपर्यंतचं त्या एका पानावर चालायचं.

आता डायरीचं ऐक. ऑफिसातला कागद बाहेर आणायला बंदी. म्हणून हा परत येताना गाडीत बसून आठवून लिहायचा, मराठीत, बारीक अक्षरात. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे वर लिहिलेलं ‘आलं ते’, उजवीकडे ‘गेलं ते’. सुरुवातीची पानं बघितलीस तर दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. मग हळूहळू उजवी बाजू लहान होत जाते. डावीकडे ‘चौघे जखमी’, उजवीकडे ‘काही जखमी’. डावीकडे ‘जमाव चिडलेला’, उजवीकडे ‘नागरिकांनी प्रश्न विचारले’. एकदम नाही रे होत. एकदम कुणी सांगितलं असतं, तर शशी डबा उचलून घरी आला असता. रोज एक शब्द. आणि रोज तो कागद वरून कोण आणायचं? तूच ना? म्हणायचास, ‘एकाच दिवसापुरतं आहे, शशीकाका. वरचे म्हणतायत, उद्या दुरुस्ती टाकू.’ टाकली का कधी? आणि तो खाली आपली आद्याक्षरं घालायचा. एस. एन. शशिधर निमकर. कारण पहिल्या दिवशी घातली होती, मग दुसऱ्या दिवशी का नाही?

ऑगस्टमधला तो मंगळवार. डावीकडे काय लिहिलंय, पाठ आहे मला. ‘पाण्याच्या पंपावर पहाटेपासून रांग. पंप बंद. लोकांनी फाटक ढकललं. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तीन मृत, त्यात एक बाई, हातात रिकामा डबा.’ उजवीकडे? ‘पाणीवाटप सुरळीत. किरकोळ गर्दी समजुतीनं पांगवली. लोक खेळीमेळीत.’ खेळीमेळीत! माझ्या नवऱ्यानं आयुष्यात न वापरलेला शब्द. तो त्याचा नाहीच. तो वरून आला. पण खाली एस. एन.

मी दहाला ताईला वाचून दाखवलं. ताई म्हणाली, बरं झालं बाई, उन्हातान्हात पाणी तरी मिळालं त्यांना.

बुधवारी परत डायरीत दोन नोंदी आहेत. पहिली—‘शहर शांत असल्याच्या अहवालानुसार आज पंपावर हेल्मेट न घालता, साध्या टोप्या घालून, उघड्या गाडीतून जावं. सोबत टीव्हीचा कॅमेरा.’ कुठल्या अहवालानुसार, सांग ना? यांच्याच! अरे, लोकांना फसवायला लिहिलेलं, ते यांनी स्वतःच खरं मानलं! ज्या फाटकावर काल माणसं मारली, तिथे आज हसत हसत टोप्या घालून पोरं पाठवली. दुसरी नोंद त्याखाली—‘जमाव चालून आला. दगड, मग गोळीबार. गाडी कालव्यात उलटली. चालक मृत.’ नाव नव्हतं. नाव घरच्यांना सांगेपर्यंत येत नाही, त्याचा फौजेतला नंबर पण झाकलेला. आणि उजवीकडे शशीच्या हातचं, त्याचं स्वतःचं, कुणीही वरून न बदललेलं—‘रस्ते अपघातात एका सैनिकाचा मृत्यू. शहर शांत.’ तोपर्यंत त्याला कुणी सांगायची गरजच उरली नव्हती रे. त्याचं त्यालाच कळायला लागलं होतं, वर काय चालेल ते. आणि गाडी उलटली हे खरंच होतं ना? एक शब्द खोटा नाही त्यात.

मी दहाला वाचलं. आवाज जरा खाली केला, पण वाचलं. ‘ताई, एक सैनिक गेला, पण लढाईत नाही हं, अपघात. रस्त्यावरचा.’ ताई म्हणाली, ‘बिचारा. कुणाचा असेल गं? त्याच्या आईला कळलं असेल का अजून?’ मी म्हटलं, कळवतात आधी. ती म्हणाली, ‘थांब, आज दोन दिवे लावते.’

एक वाजता तिच्या दारात फौजेचे दोघे उभे. टोप्या काढलेले.

मी ऑफिसात फोन केला, तूच उचललास पहिल्यांदा, आठवतं? मग शशीला दिलास. मी म्हटलं, शशी, जय. तो म्हणाला, कुठे? मी म्हटलं, तिकडेच, गाडी उलटून. मग म्हणाला, ‘वैजू, ते मीच लिहिलंय. सकाळी. चहा पीत लिहिलंय मी ते.’

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, तूही आला होतास काळा सूट घालून. झेंडा, बिगुल, सगळं झालं. कुणी साहेबानं भाषणात बुलेटिनमधलीच ओळ म्हटली. ताईनं शशीचा हात धरून विचारलं, ‘शशिधर, त्याला त्रास नाही ना झाला? अपघातच होता ना?’ आणि शशी म्हणाला, ‘हो ताई. अपघात.’ त्यानंतर दर राखीला, दर दिवाळीला तिनं तेच विचारलं, आणि तो तेच म्हणाला. तिनं ते बुलेटिन फ्रेम करून लावलंय रे, जयच्या फोटोखाली! कारण त्यावर आपल्या माणसाची अक्षरं आहेत म्हणून. आम्ही तिच्याकडे जेवायला बसायचो त्या भिंतीसमोर. एवढा शहाणा माणूस, एवढा अक्षराला जपणारा, आणि माझ्या बहिणीला सहा वर्षं फसवलं त्यानं. तुमच्या ऑफिसनं फसवलं ते परक्यांनी फसवलं. पण घरातल्यानं—

काय? नाही, नोकरीसाठी नाही. तू असं म्हणू नकोस त्याला. नोकरीची पर्वा त्याला तेव्हा उरलीच नव्हती. अरे, तो तर तेराव्यालाच सांगणार होता तिला. डायरी खिशात घालून निघाला होता ताईकडे, कॉव्हेंट्रीला, मीच—

…

चहा गार झाला.

बरं, आलंच आहे तोंडातून तर ऐक. मी ती डायरी जय गेल्यावर चौथ्या दिवशीच वाचली होती. त्याच्या कोटाला ब्रश करताना खिशात लागली. स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली, सगळी, आणि वळून बघते तर हा दारात. तेराव्याच्या सकाळी गाडीत बसल्यावर म्हणाला, वैजू, मी आज ताईला सांगणार. मी म्हटलं, नको. आज नको. ती आत्ताच कुठे झोपायला लागलीय. तो म्हणाला, मग कधी? मी म्हटलं, दिवाळीनंतर. दिवाळी झाली. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. मग म्हटलं, आता कशाला? एकाच दिवसापुरतं, एकाच दिवसापुरतं—तू म्हणायचास ना, तसंच. ताईची काळजी होती का मला? होती. पण नुसती तेवढीच नव्हती. तिला वाचून कोण दाखवायचं? तो आवाज कुणाचा होता? ‘लोक खेळीमेळीत आहेत ताई’—हे तिच्या कानात मी घातलं. शशीनं एकदाच लिहिलं, मी ते मराठीत केलं, गोड केलं, वर माझ्या पदरचं घातलं. तिला कळलं तर ती माझा फोन परत उचलेल का, असं मला वाटायचं. आईबाबा गेल्यावर मला हाक मारणारं दुसरं कोण आहे? म्हणून गप्प बसवला मी त्याला. आणि तो बसला. आणि मग सहा वर्षं त्याच्याच तोंडाकडे बघून मनात म्हणत राहिले—हा फसवा.

चौकशीचं पेपरात आलं तेव्हा त्यानं मला विचारलं नाही. काल सकाळी उठला, दाढी केली, डायरी घेतली आणि युस्टनहून गाडीनं ताईकडे गेला. मी म्हटलं, मी येऊ? तो म्हणाला, नको, तू इथेच थांब. चार तास बसला तिच्यासमोर. एकेक पान वाचलं, डावं आणि उजवं. त्याच्यासमोर ताई रडली नाही म्हणे. उठली, भिंतीवरची ती फ्रेम काढली, टेबलावर पालथी ठेवली. डायरी मागून घेतली. आणि एकच प्रश्न विचारला—‘वैजूला हे माहीत होतं?’

शशी म्हणाला, ‘नाही. तिला काहीच कल्पना नाही. मी तिलाही फसवलं.’

हे मला त्यानं नाही सांगितलं. तो तर आला, बूट काढले आणि सरळ वर जाऊन झोपला. ताईचाच फोन आला. हुंदके देत, ‘वैजू, तुलासुद्धा गं! तुझ्याच घरात राहून तुलासुद्धा! तुझ्याकडून वदवून घेतलं सगळं त्यानं!’ मला म्हणाली, त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही, पण तू माझी आहेस. आणि मी—मी काय म्हणाले, माहीत आहे? मी म्हटलं, ‘हो ताई.’ दोन शब्द. त्यात पण कुठे काय खोटं आहे, नाही का?

आज येतेय ती. जयच्या पलटणीतल्या एका मुलाची आई स्लाऊला असते, तिला घेऊन ताई डायरी त्या चौकशीकडे नेणार आहे. तोवर राहायला माझ्याकडे. शशीला सांगितलं तिनं, मी येईन तेव्हा तू घरात नसावास. म्हणून तो त्या टेकडीवर बसलाय. पासष्ट वर्षांचा माणूस, थंडीत, स्वतःच्याच घराबाहेर. माझं पाप डोक्यावर घेऊन.

बघ, काय करून बसले मी. सहा वर्षं बहिणीला नाही सांगितलं, नवऱ्याजवळ कधी कबूल केलं नाही, आणि सांगितलं कुणाला, तर तुला! पेढे घेऊन आलेल्या माणसाला. नाही, ‘इट्स ओके काकू’ म्हणू नकोस. ओके नाहीये. आणि हे काय—‘मी कुणाला सांगणार नाही’? अरे, ते वाक्य तर मला कुणाच्याच तोंडून नको आता! तूही गप्प बस, मीही गप्प बसते, वरचेही गप्प बसतील—असंच ना? तसंच तर सगळं—

टॅक्सी थांबली वाटतं. हो, ताईच. तिच्या गुडघ्यामुळे उतरायला वेळ लागतो तिला.

कुठे निघालास? मागच्या दारानं? अजिबात नाही. मागे बाग आहे माझी, वाट नाही. पुढूनच जा. तिच्या समोरून जा. तिनं विचारलं तर नाव सांग स्वतःचं, आणि कुठे काम करतोस तेही सांग. पेढे उचल आधी. उचल म्हणते ना. तिच्या नजरेला नकोत.

थांब, मी उघडते.

—ये ताई. दे, बॅग दे इकडे. हा सुश्रुत, आसावरीचा. निघालाच होता. नाही, चहा नको आत्ता. इथे बस, माझ्याजवळ. नाही गं, नाही रडत. ताई, ऐक, माझा हात सोड आधी. सोड. शशीनं काल तुला सगळं खरं वाचून दाखवलं. फक्त शेवटी तू विचारलंस ना, त्याचं उत्तर—ते खोटं आहे.

सुश्रुत, जा तू. दार ओढून घे.